वसंतातली अस्वलं आणि रानकुत्रे : नागपूरहून जंगलात जाणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

थंड देशांतली अस्वलं वसंतात लांब झोपेतून उठून बाहेर येतात. आपलं अस्वल हिवाळाभर हिंडतच असतं, तरी ते बघायचा खरा हंगाम होळीच्या आगेमागेच सुरू होतो. याला कारणीभूत आहे मोहाचं फूल. रानकुत्र्यांची पिल्लंही साधारण याच दिवसांत बिळाबाहेर खेळू लागतात. वाघ सोडून या दोघांसाठी, आणि जमलंच तर लांडग्यासाठी, नागपूरहून निघणाऱ्यांना जे प्रश्न पडतात, त्यांची ही उत्तरं.

नेमकं कधी जावं?

होळी ते अक्षय्य तृतीया. त्यातही निवडायचं असेल तर मार्चचा दुसरा पंधरवडा आणि एप्रिलचा पहिला.

फेब्रुवारीअखेर पळस आणि काटेसावर फुलतात, सागाची पानं गळून जातात आणि जंगल उघडं पडतं. नोव्हेंबरात जिथे वीस फुटांपलीकडचं दिसत नव्हतं, तिथे आता शंभर-दीडशे फुटांवरचा काळा ठिपका नजरेत भरतो. मार्चच्या मध्यावर मोह गळायला लागतो. फुलं रात्री उशिरा आणि पहाटे पडतात, म्हणून अस्वल पहाटेच झाडाखाली हजर होतं आणि ऊन चढेपर्यंत रेंगाळतं. एप्रिलच्या उत्तरार्धात टेंभुर्णीची फळं आणि चारं (चारोळीची फळं) पिकतात, तेव्हा त्याचा मुक्काम त्या झाडांकडे हलतो. मे महिन्यात सगळंच पाण्याभोवती फिरतं. साइटिंग तेव्हाही चांगलं होतं, पण ४५ अंशांत उघड्या जिप्सीत बसायची तयारी हवी.

अवकाळी पावसाचा हिशेब धरा. गारपीट झाली की मोहाचा बहार झडून जातो आणि त्या पट्ट्यातली अस्वलं पांगतात. पाणीही जागोजाग साचतं, त्यामुळे ठरलेल्या पाणवठ्यावर बसून हाती काही लागत नाही. अशा वेळी वारुळांकडे मोर्चा वळवावा, कारण भिजलेली माती खणायला सोपी जाते.

नागपूरजवळ कोणतं जंगल निवडू?

ताडोबा-अंधारी (चंद्रपूर जिल्हा) हे अस्वलांसाठी सगळ्यात खात्रीचं. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, १९९५ साली अंधारी अभयारण्यासह व्याघ्र प्रकल्प. नागपूरहून कोलारा गेटला उमरेड-भिसी-चिमूर मार्गे जातात, मोहर्लीला जायचं तर अंतर वाढतं. कोअरच्या (जंगलाच्या गाभ्याच्या) नादात बफर (त्याभोवतीचा पट्टा) सोडू नका. आगरझरी, जुनोना या बाजूला अस्वल चांगलं दिसतं आणि गाड्यांची गर्दी कोअरच्या मानाने कमी असते.

नवेगाव-नागझिरा (गोंदिया-भंडारा) रानकुत्र्यांसाठी आमची पहिली पसंती. २०१३ साली हा व्याघ्र प्रकल्प झाला. भंडारा-लाखनी-साकोली असा सरळ महामार्ग आहे. नागझिऱ्यात शिरायला चोरखमारा, पिटेझरी, मंगेझरी, उमरझरी अशी गेटं आहेत. वाघासाठी होणारी धावपळ इथे कमी, म्हणून जिप्सीवाला एका जागी थांबायला कुरकुर करत नाही.

पेंच सगळ्यात जवळ. सिल्लारी गेट नागपूरहून साधारण ७० किलोमीटर, मनसर ओलांडून. चोरबाहुली आणि खुर्सापार त्याच महामार्गाच्या अंगाला. थोडं पुढे खवासा ओलांडलं की मध्य प्रदेशातलं तुरिया गेट, आणि त्या बाजूला रानकुत्र्यांच्या टोळ्या बऱ्याचदा दिसतात. दोन्ही राज्यांचं बुकिंग वेगळं, सुटीचे वार वेगळे. एकाच्या पावतीवर दुसरीकडे प्रवेश नाही, हे सांगायची वेळ अजूनही येते.

बोर आणि उमरेड-पवनी-कऱ्हांडला एका दिवसात जाऊन येण्यासारखी आहेत. मेळघाटात अस्वलं भरपूर, पण डोंगराळ आणि विस्तीर्ण जंगल. दोन रात्री हाताशी नसतील तर तिकडे वळू नका.

सकाळची फेरी घ्यावी की दुपारची?

मार्चमध्ये सकाळची, एप्रिल अर्धा उलटला की दुपारची. एकच फेरी परवडणार असेल तर एवढं पुरे. रानकुत्रे उजेडात शिकार करणारे असल्याने दोन्ही वेळांना सापडतात, तरी पहिल्या दोन तासांवर भर द्यावा.

गाइडला काय सांगायचं?

गेटवर गाडीत बसतानाच स्पष्ट सांगा : "दादा, आज वाघ नाही दिसला तरी चालेल. अस्वल आणि रानकुत्रे बघायचे आहेत. मोहाच्या झाडांकडून न्या, आणि एखाद्या बोडीवर (छोट्या तळ्यावर) अर्धा तास थांबू." अर्धी लढाई इथेच जिंकली जाते. तसं न सांगितल्यास गाइड त्याच्या सवयीने वाघाच्या ठशांमागे गाडी पळवणार, कारण बहुतेक पर्यटक तेच मागतात आणि वाघ हुकला की त्याच्यावरच चिडतात.

जंगलात शिरल्यावर वायरलेससारखी बातमी पसरते की अमुक ठिकाणी वाघीण बसलीय. समोरून येणाऱ्या पाच जिप्स्या तिकडे वळतात. तुम्ही वळू नका. रिकामा झालेला रस्ता ही त्या दिवसाची सगळ्यात मोठी संधी असते.

मध्य प्रदेशाच्या बाजूला गाइड अस्वलाला भालू आणि रानकुत्र्याला सोनकुत्ता किंवा ढोल म्हणतात. आपल्याकडे कोळसून, कोळसुंदा हे शब्दही कानावर पडतील.

अस्वल शोधायचं कसं?

नजरेआधी खुणा शोधा. वारुळाच्या बुडाशी ताजी, ओलसर माती उपसलेली दिसली तर अस्वल फार लांब गेलेलं नसतं. विष्ठा तर सरळ जेवणाचं ताटच दाखवते : मार्चमध्ये मोहाची फुलं, मेमध्ये टेंभुर्णीच्या गुळगुळीत बिया, एरवी वाळवीची चकाकती टरफलं. मागच्या पायाचा ठसा अनवाणी माणसाच्या पावलासारखा आणि पुढच्या पायाच्या ठशासमोर नखांचे लांब ओरखडे. पाच बोटं असतात, चार मोजली तर ते दुसरंच जनावर. मधाच्या पोळ्यापर्यंत चढलेल्या अस्वलाच्या नखांचे व्रण झाडाच्या सालीवर वर्षानुवर्षं राहतात, त्यामुळे तेवढ्यावर भरवसा ठेवू नका.

कान उघडे ठेवणं त्याहून उपयोगी. अस्वल वारूळ कसं खातं ते एकदा दुर्बिणीतून नीट बघाच. पुढच्या नखांनी आधी वरचं कवच फोडतं. मग तोंड आत घालून जोराने फुंकर मारून माती उडवतं. नंतर नाकपुड्या मिटून घेतं, लांब ओठांचं नळकांडं करतं आणि वाळवी सपासप ओढून घेतं. वरच्या जबड्यातले मधले दोन दात त्याला नसतातच, तीच फट या कामी येते. या फुंकण्या-ओढण्याचा आवाज शंभर मीटरपलीकडेही पोहोचतो. इंजिन बंद असेल तरच ऐकू येतो, हा त्यातला मुद्दा. चालत्या जिप्सीतून अस्वलं हुकतात ती बहुतेक याचमुळे.

वारा कोणीकडून वाहतोय तेही बघा. अस्वलाची नजर आणि कान बेताचेच, पण नाक जबर. वारा तुमच्याकडून त्याच्याकडे जात असेल तर ते मान वर करून हवा हुंगतं आणि बांबूत शिरतं. अत्तर, बॉडी स्प्रे, डासांचा उग्र वासाचा मलम हे सगळं त्या दिवशी घरी ठेवा.

पिल्लं पाठीवर बसलेली दिसतात का?

हो, आणि मार्च-एप्रिल त्यासाठी उत्तम. पिल्लं बहुधा हिवाळ्यात कपारीत किंवा गुहेत जन्मतात, दोन-तीन महिन्यांनी आईबरोबर बाहेर येतात. आईच्या खांद्यांवरच्या लांब केसांना धरून ती प्रवास करतात. जवळपास दीड-दोन वर्षं ती आईजवळ राहतात, म्हणून पाठीवर न मावणारी मोठी पिल्लंही मागे चालताना दिसतील. अशी आई कुणालाच जुमानत नाही. २०१८ साली ताडोबात जामनीच्या बाजूला एका मादी अस्वलाने पिल्लासाठी मटकासुर या नावाजलेल्या नर वाघाशी झुंज घेतली होती. तिच्या आणि पिल्लाच्या मधोमध गाडी येऊ द्यायची नाही, हे ड्रायव्हरला आधीच बजावून ठेवा.

रानकुत्रे कसे सापडतात?

नशिबाने, असं बरेच गाइड म्हणतात. ते पूर्ण खरं नाही. टोळीला पिल्लं असतील तर साधारण दोन-तीन महिने ती बिळाच्या आसपासच्याच भागात शिकार करते, कारण मोठ्यांना रोज परत येऊन पिल्लांपुढे मांस ओकावं लागतं. म्हणून "गेल्या आठ दिवसांत टोळी कुठे दिसली?" हा प्रश्न गाइडला विचारा. उत्तर "काल इकडे, परवा तिकडे" असं लांबलांबचं आलं तर टोळी फिरती आहे, मागे लागण्यात अर्थ नाही. एकाच नाल्याचं किंवा तलावाचं नाव दोन-तीन वेळा आलं तर तिथेच थांबा.

दुसरी खूण चितळांची. वाघ किंवा बिबट्या दिसला की चितळ बहुधा जागेवरच उभं राहून, पाय आपटत, त्याच्याकडे बघून ओरडतं. रानकुत्र्यांपुढे मात्र कळप उधळतो आणि पुष्कळदा सरळ पाण्याकडे धावतो. सांबर तर खोल पाण्यात जाऊन उभं राहतं. भर सकाळी सांबर पोटापर्यंत पाण्यात आहे आणि कान ताठ ठेवून एकाच काठाकडे बघतंय, असं दिसलं तर त्या काठावर दुर्बीण लावा.

शिकार झालीच तर घाई करू नका. टोळी काही मिनिटांत जनावराचा फडशा पाडते, पण नंतर पाण्यावर येते, लोळते, एकमेकांशी खेळते. तेव्हाच त्यांची शीळ ऐकायला मिळते. ते भुंकत फिरत नाहीत. विखुरलेल्या टोळीला गोळा करायला बारीक शीळ घालतात. शिकार जिवंतपणीच फाडली जाते, लहान मुलं गाडीत असतील तर याची कल्पना आधी द्यावी.

लांडगा दिसेल का?

दाट सागवनात शक्यता अगदी कमी. आपला लांडगा गवताळ माळाचा आणि झुडपी रानाचा रहिवासी. शेळ्या-मेंढ्यांचे कळप, ससे, काळवीट जिथे, तिथे तो. पेंचच्या बाहेरच्या मोकळ्या पट्ट्यात पहाटे रस्ता ओलांडताना कधी दिसतो, पण त्यासाठी सुटी टाकून जाऊ नका. लांडगाच बघायचा असेल तर पश्चिमेकडे जा : सोलापूरजवळचं नान्नज, किंवा पुणे वनविभागाची गवताळ सफारी, जी इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीत आणि बारामती तालुक्यातल्या शिर्सुफळला चालते. नागपूरहून तो रात्रभराचा प्रवास आहे. उत्तरेकडे मध्य प्रदेशातलं नौरादेही लांडग्यांसाठी जुनं नावाजलेलं जंगल.

कोल्हा, लांडगा आणि रानकुत्रा यांत गडबड होते. ओळखायचं कसं?

शेपूट बघा. रानकुत्र्याचं अंग तांबूस-विटकरी आणि शेपूट झुपकेदार, टोकाकडे काळं. कान गोलसर, तोंड आखूड. कोल्हा त्याहून लहान, करडा-पिवळसर, एकटा किंवा जोडीने फिरणारा. लांडगा उंच, लांब पायांचा, वाळलेल्या गवताच्या रंगाचा, चालताना शेपूट खाली लोंबती. पाठ मागे उतरती आणि अंगावर पट्टे असतील तर ते तरस. गावकुत्र्यांची टोळीही बफरमध्ये हिंडते आणि त्यांचे फोटो "रानकुत्रे" म्हणून सर्रास फिरतात. वळलेली शेपटी दिसली की समजा गाव जवळ आहे.

गाडीवर अस्वल चालून येतं का?

क्वचित. वन्यप्राण्यापासून किमान २० मीटर अंतर ठेवायचा नियम आहे, अस्वलासाठी ते आणखी वाढवलेलं बरं. गाडी थांबवा, इंजिन बंद करा, उभं राहू नका, बोलणं थांबवा. ते मागच्या दोन पायांवर उभं राहिलं तर ते बहुधा नीट बघायला आणि हुंगायला. हुंकार देत दोन-चार पावलं पुढे धावलं की गाडी सरळ मागे घ्यावी. वळवत बसू नये, कारण अरुंद वाटेवर गाडी आडवी झाली की अडकलात.

रिसॉर्टबाहेर किंवा गावरस्त्यावर पायी असताना समोर आलं तर?

हा प्रश्न सगळ्यात गंभीर आहे आणि सगळ्यात कमी विचारला जातो. विदर्भात अस्वलाच्या हल्ल्यात सापडतात ते मोह वेचणारे, तेंदूपत्ता तोडणारे, पहाटे परसाकडे जाणारे लोक. अस्वल माणसाच्या मागावर नसतं. ते खाण्यात गुंग असतं, माणूस अचानक दहा पावलांवर येतो आणि ते दचकून हल्ला करतं. म्हणून सगळी खबरदारी अचानक भेट टाळण्यात आहे. मार्च-एप्रिलमध्ये सूर्य वर येईपर्यंत मोहाच्या झाडांकडे पायी फिरकू नका. निघावंच लागलं तर दोघे-तिघे मिळून, मोठ्याने बोलत, काठी आपटत, टॉर्च घेऊन निघा. हेडफोन लावून पहाटेचा फेरफटका हा रिसॉर्टातल्या शहरी पाहुण्यांचा नेहमीचा वेडेपणा.

दूरवर दिसलं तर त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरका. पळू नका, ते तुमच्यापेक्षा जोरात धावतं. झाडावरही चढू नका, ते सराईत चढतं. अंगावर आलंच तर पालथं पडा, दोन्ही हातांची बोटं मानेमागे गुंफून मान आणि डोकं झाका, चेहरा जमिनीकडे ठेवा. जखमा बहुतेक डोक्या-चेहऱ्यालाच होतात. ते निघून गेल्यावरही थोडा वेळ हलू नका.

कॅमेरा आणि दुर्बीण कोणती घ्यावी?

दुर्बीण ८×४२. दहापट मोठं दाखवणारी घेतली तर जिप्सीत हात हलतो आणि चित्र थरथरतं. घरटी एकच दुर्बीण घेऊन सहा जण भांडतात, दोन तरी हव्यात.

कॅमेऱ्याला १००-४०० किंवा १५०-६०० ची लेन्स पुरते. ट्रायपॉडला जिप्सीत जागा नाही, बीनबॅग घ्या. त्यात दीड-दोन किलो तांदूळ घरूनच भरा. काळ्या अस्वलाने चौकट भरली की कॅमेरा फसतो, उजेड वाढवतो आणि केस राखाडी उमटतात. तेव्हा एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप कमी करा. उलट लहानसं अस्वल उन्हातल्या पिवळ्या गवतात असेल तर तेवढंच वाढवा, नाहीतर नुसता काळा गोळा येतो. छातीवरचा पांढरट पट्टा टिपायचा असेल तर ते उभं राहायची वाट बघा. लेन्स गाडीत बदलू नका, मार्चची धूळ थेट सेन्सरवर बसते. मोबाइलवर विसंबू नका, ताडोबाच्या कोअरमध्ये तो नेताच येत नाही.

कपडे, पाणी, खाणं?

खाकी, मातकट, फिकट हिरवं. मार्चच्या पहाटे उघड्या गाडीत गारठा लागतो, एक जाडसर शर्ट असू द्या, नऊनंतर तो काढालच. दुपारी डोक्याला-कानांना दुपट्टा, माणशी दोन लिटर पाणी स्टीलच्या बाटलीत. निघण्याआधी ताक किंवा पन्हं. आत खाणं उघडू नका, माकडं टपलेली असतात.

बुकिंगमध्ये काय चुकतं?

तीन गोष्टी. सुटीचा वार न बघणं : ताडोबाचा कोअर मंगळवारी बंद असतो, इतर जंगलांचे वार वेगळे. मूळ ओळखपत्र विसरणं : बुकिंगमध्ये ज्याचं नाव आणि जो क्रमांक दिला तेच लागतं, शेवटच्या क्षणी मामेभावाला नाही बसवता येत. आणि दलालाकडून "कन्फर्म" घेणं : वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा. एका जिप्सीत सहा पर्यटक, वर गाइड आणि ड्रायव्हर. फोटो काढायचे असतील तर चौघांवर थांबा, खर्च वाढेल पण कोपर लागणार नाही. नागपूरहून पहाटेच निघून सकाळची फेरी गाठायचा हट्ट फक्त पेंच, बोर, कऱ्हांडल्यापुरता ठीक. बाकी ठिकाणी आदल्या रात्री मुक्काम करा.

मचाणावर बसता येतं का?

बुद्धपौर्णिमेला वनविभाग निसर्गानुभव ठेवतो. पाणवठ्यावरच्या मचाणावर चांदण्या रात्री बसून आलेल्या प्राण्यांची नोंद करायची. अस्वलासाठी याहून चांगली बैठक नाही. नोंदणी मर्यादित असते आणि झटकन भरते. मचाणावर स्वयंपाक, गप्पा, टॉर्च काही चालत नाही, आणि मधेच उतरता येत नाही.

नागपूरच्या गोरेवाडा प्राणिसंग्रहालयात अस्वल दिसतं, मग एवढं लांब कशाला?

लहान मुलांना ओळख करून द्यायला गोरेवाडा छानच. पण तिथलं अस्वल मोहाखाली येत नाही आणि वारूळ फोडून पोट भरत नाही.

रानकुत्र्यांचं बीळ किंवा अस्वलाची गुहा सापडली तर लोकेशन टाकावं का?

टाकू नये, गाइडलाही टाकू देऊ नये. गाड्या जमल्या की टोळी पिल्लं तोंडात धरून जागा बदलते, आणि त्या स्थलांतरात पिल्लं दगावतात. फोटो टाकायचाच तर जंगलाचं नाव पुरे, तेही दोन महिन्यांनी.

अस्वलाचं पिल्लू एकटंच दिसलं तर?

हात लावू नका, पाणी पाजू नका, जवळ जाऊ नका. आई बहुधा आसपास असते आणि तिथे थांबणं तुमच्याच जिवावर बेततं. जागा लक्षात ठेवून मागे फिरा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. गरज पडली तर वनविभाग त्याला नागपुरात सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरकडे किंवा गोरेवाड्याच्या बचाव केंद्राकडे नेतो. गाडीत घालून ते स्वतः नागपूरला आणणं हा गुन्हा आहे.